दोन शिटांवर गाडी निघत नाही

रशीद सर,

काल तुमच्या शोकसभेत सगळे खोटं बोलले. मुद्दाम नाही, सवयीनं. हेडसर म्हणाले, "सरांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची." टाचणी कशाला, फळा पडला असता तरी तुमच्या वर्गात कुणाला कळलं नसतं. नववी ब मध्ये तुमचा बीजगणिताचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गात इतिहास शिकवणाऱ्या मॅडम दार लावून घ्यायच्या. संस्थेचे सचिव म्हणाले, सरांनी आयुष्यभर हातातला खडू खाली ठेवला नाही. आणि गेली दोन वर्षं तुम्ही खडू सहसा हातात घेत नव्हता यावरूनच तर आपलं भांडण होतं. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. तुमच्यावर चिडायची इतकी सवय झाली आहे की दुसऱ्या कुणी तुमचं कौतुक केलं तर मला राग येतो, आणि ते कौतुक चुकीचं असलं तर फारच येतो.

मौन संपलं तसं हेडसरांनी मला ऑफिसात बोलावलं. "नववीचं बीजगणित आता तुमच्याकडं. भूमिती आहेच, तेही घ्या. आणि ते कार्डांचं बंद. सरळ शिकवा." तुमची पत्र्याची पेटी त्यांच्या टेबलावर होती. पेटीवर तुमचा फोटो, फोटोला झेंडूचा हार, आणि कडीला कुलूप. कार्डं आत. "सरांची आठवण राहील शाळेत," ते म्हणाले.

स्टाफरूममधल्यांना वाटतं मी जिंकले. एकानं तर हळूच म्हटलंही, "चला, तुमच्या मनासारखं झालं." दोन वर्षं मी तुमच्या कार्डांवर तुटून पडले हे सगळ्यांनी पाहिलं. त्या दोन वर्षांत आपण दोघं मिळून कुठे पोचलो होतो, ते कुणी पाहिलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. चांगलं बोलायचं काम काल झालं. माझं तुमच्याशी काम अजून बाकी आहे.

मी कुठून आले ते तुम्हाला माहीत होतं. आमच्या घरात पत्रकं आधी आली, पुस्तकं नंतर. बाबा सभेची, जयंतीची, संपाची पत्रकं सायकलवर वाटायचे आणि उरलेली घरी आणायचे. कोऱ्या बाजूला मी पाढे लिहिले, छापील बाजूवर वाचायला शिकले. "हिनं आयुष्यात पहिलं वाक्य वाचलं ते बंधू आणि भगिनींनो," असं तुम्ही येईल त्याला सांगायचात, आणि मला हाक मारायचात ती "पत्रकवाली" अशीच. नावानं हाक मारलीत ती फक्त एकदा, पहिल्या दिवशी, हजेरीपटावर सही करताना.

पहिलं भांडण जेवणाच्या सुट्टीत झालं. तुम्ही पुठ्ठे कापून कार्डं केली होती. वर एक सोडवलेलं उदाहरण, खाली चार सोडवायची. मुलानं एक कार्ड संपवायचं, पेटीत ठेवायचं, पुढचं उचलायचं. ज्याला जितका वेळ लागेल तितका. अडलं तर तुमच्याकडे यायचं. तुम्ही वर्गात फिरत राहणार, फळ्याकडे पाठ.

मी म्हणाले, "सर, फळा ही सगळ्यांची जागा आहे. तिथं साठ पोरं एकाच वेळी एकच गोष्ट ऐकतात. आपल्या लोकांना एकत्र बसायला मिळावं म्हणून माणसं लढली आहेत, आणि तुम्ही एकेकाच्या हातात पुठ्ठा देऊन त्यांना एकटं पाडताय."

तुम्ही डबा उघडत म्हणालात, "पत्रकवाली, झालं का? खाली आपले नम्र कोण-कोण हेत तेबी सांग."

"थट्टा नका करू."

"न्हाई करत. साठ पोरं एकच गोष्ट ऐकत्यात असं तुला वाटतं. पुढचे दोन बाक ऐकत्यात. मधले उतरून घेत्यात. मागचे घंटेची वाट पाहत्यात. तू नेमकं कुणाला शिकवून राह्यली?"

"सगळ्यांना. मी दर पाच मिनिटांनी विचारते, समजलं का."

"काय म्हणत्यात?"

"हो म्हणतात."

"सगळे?"

"सगळे."

"एका सुरात?"

तुम्ही भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढे केलात आणि वर ठेचा ठेवलात. जिंकल्यावर लगेच खायला घालायची तुमची ही खोड मला कधीच आवडली नाही. तोंडात घास असला की माणूस भांडू शकत नाही.

पण मी सोडणारी नव्हते. तुमच्या कार्डांवर आकडे होते, आणि यंदाच्या नववीत तर महिन्याभरात पोरं एकमेकांना आकड्यांनी ओळखायला लागली. मैदानावर विचारायची, "तू कितव्यावर?" नवव्या कार्डावर अडकलेल्या गणेशचं नाव "नव्या" पडलं. मी तुम्हाला व्हरांड्यात गाठलं. "सर, तुम्ही वर्गात उतरंड लावली. कोण वरचा, कोण खालचा, हे आता पुठ्ठ्यावर छापून दिलंत. आमच्या घरात या शब्दाचा अर्थ फार वाईट आहे."

"उतरंड फळ्यापुढंबी हाय. तिथं दिसत न्हाई, इतकंच."

"दिसत नाही ते बरं असं मी म्हणत नाही. पण दाखवून काय मिळवलंत? नव्या?"

त्या वेळी तुम्ही विनोद केला नाहीत. पुढच्या सोमवारी सगळ्या कार्डांवरचे आकडे खोडलेले होते आणि त्यांच्या जागी गावांची नावं होती. बदनापूर, राजूर, केदारखेडा, वाटूर. पोरं खूश. "मी वाटूरला पोचलो." "माझी गाडी अजून बदनापूरलाच पंक्चर." तुम्ही माझ्याकडे बघून भुवई उडवलीत. आणि मी हसले, कारण दोनच दिवसांत पोरांनी गावांचीही रांग लावून टाकली होती. कुणाच्या पुढे कुठलं गाव, हे त्यांना पुस्तकापेक्षा पक्कं ठाऊक. रोज त्याच रस्त्यांनी येतात ती.

"सर, गावं पण एका रांगेतच उभी आहेत."

"मंग रस्ते तीन करू," तुम्ही म्हणालात, आणि केलेत. चिन्हांचे नियम बदनापूरच्या रस्त्यावर. शाब्दिक उदाहरणं केदारखेड्याच्या रस्त्यावर, कारण ते तुमचं गाव आणि तुमच्या मते शब्दांचा घोळ सगळ्यात जास्त तिथंच होतो. समीकरणं वाटूरच्या रस्त्यावर. कुणीही कुठूनही निघावं. आता पुढं कोण, मागं कोण, हे सांगता येईना. हे मी कधी तुमच्या तोंडावर म्हटलं नाही, पण त्या आठवड्यात मी घरी बाबांना सांगितलं की शाळेत एक माणूस आहे, त्याला चूक दाखवली की तो चूक दुरुस्त करतो. बाबांना ते खरं वाटलं नाही.

तरी माझा मूळ मुद्दा तसाच होता. पोरांना काही गोष्टी पुठ्ठा सांगू शकत नाही. एखादी पायरी का येते, हे माणसानं माणसाला सांगावं लागतं. चारजणांनी ऐकावं, पाचव्यानं शंका काढावी, त्या शंकेनं इतर चौघांची झोप उडावी. त्याला मी शिकवणं म्हणते. तुमचं म्हणणं, ते ठीक, पण कधी? अर्ध्या पोरांना ती पायरी मागच्या महिन्यात लागत होती आणि उरलेल्यांना पुढच्या महिन्यात लागणार.

उत्तर आपल्याला काळी-पिवळीत सापडलं. शाळा सुटल्यावर आपण फाट्यावर जीपची वाट बघायचो. जीपला वेळापत्रक नाही. ती एकट्यासाठी निघत नाही आणि घड्याळ बघूनही निघत नाही. ड्रायव्हर "दोन शीट, दोन शीट" ओरडत दाराला लटकलेला असतो, आणि शिटा भरल्या की निघते. त्या दिवशी तुम्ही मागच्या बाकड्यावर बसून बराच वेळ त्या ओरडण्याकडे बघत होतात. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "हेच करू."

"काय?"

"फाटा. प्रत्येक रस्त्यावर मधीमधी फाटा ठेवू. फाट्याच्या पुढचं कार्ड आपआपलं उचलायचं न्हाई. फाट्यावर पोचलं की फळ्यापाशी खाली बसायचं. सात-आठ जण जमले की मी शिकवणार. तुझ्यासारखं, खडू घेऊन. तोवर बाकीचे आपल्या कार्डावर."

ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, सरकून घ्या, अजून एक बसतंय."

ती दोन वर्षांतली सगळ्यात चांगली तिमाही होती, सर. भांडणं संपली नाहीत, ती नेमकी झाली. मला तासाच्या शेवटी सगळा वर्ग एकत्र हवा होता, ज्याला जे सापडलं ते त्यानं सगळ्यांना सांगावं म्हणून. सगळ्यांना थांबवायला मी वाजवलेली टाळी ऐकली की तुम्हाला त्रास व्हायचा. "पोरगी आत्ता कुठं गणितात शिरली, अन् तू टाळी वाजवून बाहेर काढती." शेवटी दिवसाआड टाळी, असं ठरलं. मोकळ्या तासाला मी तुमच्या वर्गात येऊन बसायचे, चुका शोधायला. तुम्हाला ते आवडायचं असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. पण मी आले नाही तर "पत्रकवाली रुसली का?" असा निरोप पोरांकडून यायचा.

मग दीपालीची गोष्ट झाली.

दीपाली मागच्या बाकावरची. कुणाशी बोलत नाही, कार्डं मात्र भराभरा संपवते. वाटूरच्या रस्त्यावर ती इतक्या वेगानं आली की तुम्ही मला डोळ्यांनी खूण केलीत, बघ, तुझ्या फळ्यापुढं ही पोरगी झोपत व्हती. फाट्यावर आठ जण जमले, त्यात ती होती. तुम्ही फळ्यावर एक समीकरण लिहिलंत. डावीकडे दोन एक्स अधिक तीन, उजवीकडे एक्स अधिक आठ. तिला उठवलंत.

तिनं एक्स चार काढला. तुम्ही म्हणालात, "पडताळा घे." पडताळ्यावर तुमचा फार जीव. समीकरणांच्या कार्डांवर तुम्ही मागे उत्तरं देत नव्हता. काढलेली किंमत दोन्ही बाजूंना घालून बघायची, मग उत्तर चूक की बरोबर ते आपोआपच कळतं, मागे बघायची गरज काय, असं तुमचं म्हणणं.

दीपालीनं चार घालून पाहिले. "डावीकडं अकरा. उजवीकडं बारा."

"मंग?"

"मंग दोन्ही बराबर, सर."

पोरं हसली. दीपालीनं मागं वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला हसताहेत का ते. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही पुन्हा विचारलंत, "कसं काय बराबर?"

"अकरापण बराबर काढले, बारापण बराबर काढले. दोनदा पाह्यलं मी."

तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला अजून दिसतं. तुम्ही पेटीकडे गेलात आणि वाटूरचं पहिलं कार्ड काढलंत. तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "किंमत दोन्ही बाजूंना घाला. दोन्ही बाजू बराबर हेत का? असतील तर पुढच्या कार्डावर जा." पुस्तकात "समान" असतं. तुम्ही तो शब्द मुद्दाम टाळला होता, समान म्हणून घरी कोण बोलतं? आणि आपल्याकडे बराबर म्हणजे काय, सर? सारखं तेही बराबर, चुकलं नाही तेही बराबर, सोबत चाल म्हणायचं तरी माझ्या बराबर चल. दीपालीनं दुसरा अर्थ घेतला. आपली बेरीज दोन्हीकडे चुकली नाही ना, एवढंच तिनं प्रत्येक कार्डावर प्रामाणिकपणे तपासलं, बराबर लिहिलं आणि पुढचं कार्ड उचललं. समीकरण म्हणजे काय, याच्या जवळपासही न जाता ती पोर सगळा रस्ता चालून फाट्यावर आली होती.

त्या दिवशी जीपमध्ये मी तुम्हाला सोडलं नाही. "कार्डाला कान नसतात, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. माणूस समोर असता तर पहिल्याच कार्डाला कळलं असतं."

"लफ्ज माझाच व्हता," तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात.

"शब्दाचं सोडा. तिचं ऐकलं कुणी नाही, याचं बोला."

तेव्हा तुम्ही वळलात. "पाचवीपासून फळ्यापुढंच बसली व्हती ना ती? बराबर का, बराबर सर. बराबर का, बराबर मॅडम. इतक्या वर्षांत कुणी ऐकलं? कार्डामुळं निदान कागदावर तरी आलं, की तिला काय वाटतं."

दोघंही खरं बोलत होतो आणि त्याचा दीपालीला काही उपयोग नव्हता. तिला रस्त्याच्या सुरुवातीला परत पाठवावं लागलं. बाकीचे पुढे गेले. समीकरणांच्या पहिल्या फाट्याअलीकडे आता दोघंच उरले, ती आणि गणेश. आणि दोन शिटांवर गाडी निघत नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आपण तेच बोललो. मी म्हणाले, "दोघांसाठी काढा."

"मंग बाकीचे अठ्ठावन्न? एक तास, एक मास्तर. दोघांना घेऊन बसलो तर फाट्यावरच्या आठ जणांना कोण शिकवल?"

"आठ जणांचं कसंही होतं. ती सात असली तरी शिकतात, नऊ असली तरी शिकतात. या दोघांची गाडी कधीच भरणार नाही, सर. तुमचा हा नियम चांगला आहे, फक्त तो पुढच्यांसाठी चांगला आहे. शेवटच्या माणसाला तुम्ही नियमानं फाट्यावर उभं केलंत."

तुम्हाला ते लागलं. मग म्हणालात, "पत्रक लिहिणं सोपं असतं, बेटा."

"मग अवघड काय ते तुम्ही सांगा."

तुम्ही चष्मा पुसायला लागलात. सोमवारी तुम्ही आला नाहीत. अवघड काय ते सांगायच्या आधी तुम्ही गेलात, आणि मी यावर तुमच्याशी भांडूही शकत नाही. असा भांडणातून उठून जाणारा माणूस मला एरवी कधीच आवडत नाही.

केदारखेड्याला मी आले होते. पुरुष तुम्हाला कब्रस्तानात घेऊन गेले. हेडसर गेले, सचिव गेले, नववीची पोरं गेली. आकाश तुमचा सगळ्यात पुढचा विद्यार्थी, तो मिट्टी देऊन परत आला तेव्हा त्याच्या नखांत माती होती आणि तो हात धूत नव्हता. तुमच्याशी सगळ्यात जास्त बोलले ती मी, आणि बायका तिकडे जात नाहीत म्हणून मी ओसरीवर बसले. एरवी मी यावर पत्रक काढलं असतं. पण भाभींनी, तुमच्या बायकोनं, माझा हात धरला होता.

कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "अच्छा, तुम वो हो. जिसके साथ रोज झगडा."

मी मान हलवली.

"घर आके बोलते थे, आज पत्रकवालीनं हरवलं."

"हरवलं म्हणायचे?"

"हां. फिर चाय पीके बोलते, उद्या मी हरवतो तिला." भाभी हसल्या, आणि हसताना त्यांचं रडू सुटलं, आणि माझंही. सर, ही गोष्ट तुम्ही मला सांगायला हवी होती. दोन वर्षं मी रोज हरून घरी जात होते असं मला वाटत होतं.

आता कालचं. ऑफिसात मी हेडसरांना म्हणाले, "पेटी मला लागेल."

"कशाला? तुमचाच तर विरोध होता."

"माझा विरोध कार्डांना नव्हता. कार्ड देऊन मास्तरनं बाजूला होण्याला होता. आणि सर बाजूला होत नव्हते."

"ते मला समजत नाही. सहामाही तोंडावर आली. तुम्ही फळ्यावर चांगलं शिकवता, भरभर घ्या, पोर्शन संपवा. मागं राहणारी दरवर्षी राहतात. त्यांना नववीतच थांबवू. दहावीचा निकाल खाली नको यायला."

"थांबवू म्हणजे कुणाला?"

त्यांनी बोटांवर नावं मोजायला सुरुवात केली. पहिलं नाव दीपालीचं होतं.

तिला नववीत थांबवलं तर काय होईल, हे तिनंच मला सांगितलंय. रडून वगैरे नाही, व्हरांड्यातल्या कॅनमधून बाटलीत पाणी भरता भरता. "बाबा म्हणले, नववीत बसली तर पुढच्या साली कुठंच बसायचं न्हाई. घरी राह्यचं." निकाल वाचवायची ही पद्धत आपल्या शाळेनं शोधलेली नाही हे मला माहीत आहे. पण वर्गात शिकवण्याच्या दोनच रीती असाव्यात, सगळ्यांना एका वेगानं हाकायचं किंवा मागं पडतील त्यांना गाळायचं, यावर माझा विश्वास बसत नाही. तुमचाही नव्हता. एवढ्यासाठीच तर आपण पुठ्ठे कापत बसलो.

मी तासिकेवर आहे, कायम नाही, हे हेडसरांनी बोलून दाखवलं नाही. गरज नव्हती. मी फोटो उचलला आणि भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला टांगला. "इथं जास्त शोभतो," मी म्हणाले. "पेटी टेबलावर जागा अडवते." त्यांनी फोटोकडे पाहिलं. मग खिशातून किल्ली काढली. "सहामाहीपर्यंत. त्यानंतर मी ऐकणार नाही, मॅडम."

आज पहिला तास घेतला.

कार्डं वाटली. पोरं आपापल्या गावाला लागली. तुमच्याशिवाय तो गोंगाट सुरू झाला तेव्हा मला एक क्षण दार लावून घ्यावंसं वाटलं. फाट्यावर आठ जण येऊन बसले, आकाश त्यांच्यात. शिटा भरल्या होत्या. ते माझ्याकडे बघत होते. मी त्यांना म्हणाले, "आज तुम्ही थांबा." आणि मागच्या खिडकीपाशी दीपाली आणि गणेशला घेऊन खाली बसले.

हे तुम्हाला सांगायचं होतं. बाकीच्या सगळ्यांच्या हातात तुमची कार्डं होती, म्हणून मी उठून मागे जाऊ शकले. फळ्यावर शिकवत असते तर साठ डोक्यांवरून मला त्या दोघांचे चेहरे दिसलेही नसते. तुमच्या पद्धतीनं मला वेळ मिळाला आणि तो मी माझ्या पद्धतीनं खर्च केला. शनिवारी हे आपल्या दोघांपैकी एकालाही सुचलं नाही, कारण दोघं जिंकायच्या नादात होतो.

कार्डावरचं बराबर मी खोडलं होतं. समान लिहिलं नाही. लिहिलं, "इकडं जेवढं, तिकडं तेवढंच का?"

दीपालीनं तेच जुनं समीकरण घेतलं. चार घातले. "अकरा. बारा." ती थांबली. "तेवढंच न्हाई."

"मग?"

"मंग चार चुकलं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, मंग माझी आधीची कार्डं?"

"बरीच चुकली असतील."

तिनं चारवर काट मारली. "तरी मला वाटलंच," ती म्हणाली, "इतकं सोपं कसं."

गणेश फिदीफिदी हसला. तिनं त्याला कोपर मारलं. "तू काय हसतो, तू तर अजून निघालाबी न्हाईस."

तेवढ्यात फळ्याकडून खडूचा आवाज आला. वाट बघून कंटाळलेल्या आकाशनं खडू घेतला होता आणि इतर सातजणांना तो स्वतःच शिकवत होता. तुमच्यासारखा, एक हात कमरेवर ठेवून. आणि चुकत होता. पद डावीकडून उजवीकडे नेताना त्यानं चिन्ह बदललं नाही. सगळे वहीत उतरवून घेत होते.

फळ्यावर चूक मी कधी राहू दिलेली नाही, सर. दुसऱ्याच्या तासाची चूक राहिली असली तरी मी ती पुसून मग वर्ग सुरू करते. मी उठतच होते. आणि दीपाली म्हणाली, "थांबा मॅडम, आता पाच घालून पाहते."

दारात हेडसर उभे होते. त्यांनी फळा वाचला. "मॅडम, फळ्यावर चूक आहे."

"माहीत आहे, सर."

"मग पुसा."

"थोडं थांबा."

काल सभेत सगळे एकमेकांना सांगत होते की सर असते तर काय म्हणाले असते. मला ते सांगता येत नाही. तुम्ही मला रागावला असता की दोघांसाठी आठ जणांना चुकीचं शिकू दिलंस. किंवा भाकरीचा तुकडा पुढं केला असता. दोन वर्षं रोज भांडूनही मला हे माहीत नाही, आणि मला त्याचा संताप येतो. उद्या त्या सात वह्या दुरुस्त करायच्या आहेत. दीपालीच्या एका वहीसाठी सात वह्या, हा व्यवहार बरोबर की चूक, हे विचारायला आता कुणी नाही.

दीपालीनं पाच घातले. डावीकडे तेरा आले. उजवीकडे लिहायला तिनं पेन टेकवलं, थांबली, आणि वहीखाली हात घेऊन बोटांवर मोजायला लागली. हेडसर आत आले. मी उठले नाही, सर.